एकाच फायबरवर केबल टीव्ही आणि हवं तेव्हा बघायचा व्हिडिओ : पलूसकडच्या नेटवर्कसाठी सल्ला हवा

पलूस_लाइनमन
नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यातल्या तीन गावांचं केबल नेटवर्क कोअ‍ॅक्सवरून (तांब्याच्या केबलवरून) घरापर्यंत फायबरवर (काचेच्या तारेवर) न्यायचंय. ५८० कनेक्शन, सगळ्यात लांबचं घर कंट्रोल रूमपासून ४ किलोमीटर. एमएसओचा (आम्हाला वाहिन्या पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीचा) फीड १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशावर येतो, पुढे ६ नोड (प्रकाशाचा विजेचा सिग्नल करणारे डबे), तिथून कोअ‍ॅक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर. वळवाच्या विजांनी अ‍ॅम्प्लिफायर जळतात ते वेगळंच.
लोकांना टीव्ही पाहिजेच. जोडीला ओटीटी पाहिजे, आणि स्थानिक वाहिनीवर दाखवलेली कुस्तीची मैदानं, यात्रा, ग्रामसभा नंतर हव्या तेव्हा बघायला मिळाव्यात अशीही मागणी आहे. मला तीन गोष्टी विचारायच्यात. टीव्ही आरएफवरच (केबलच्या नेहमीच्या प्रक्षेपणावरच) ठेवायचा की सगळंच आयपीवर (इंटरनेटसारखं पाकिटांत) न्यायचं? फायबरमधल्या प्रकाशाच्या पॉवरचं गणित कसं मांडायचं? आणि स्थानिक कार्यक्रम साठवून दाखवायला काय काय लागतं?

मिरज_जंक्शन
पहिल्याचं उत्तर आधी देतो, बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे. जे सगळं गाव एकाच वेळी बघतं ते आरएफवर ठेवा, जे एकेक घर आपल्या सवडीने बघतं ते आयपीवर द्या.
आकडे बघा. भारताची मॅच आहे, ५८० पैकी ३५० टीव्ही चालू आहेत, एचडी ६ एमबीपीएसने धरलं. प्रत्येकाला वेगळा प्रवाह दिला तर २.१ जीबीपीएस झाले. जीपॉनच्या (एका फायबरवरून अनेक घरांना डेटा देण्याच्या पद्धतीच्या) एका पोर्टला खाली जाणारे २.४८८ जीबीपीएस मिळतात आणि ते ६४ घरांतच वाटायचे असतात, त्यामुळे पोर्टवर अडचण नाही. अडचण आहे वरून विकत घेतलेल्या बँडविड्थची. एवढं अपलिंक तीन गावांच्या नेटवर्कला परवडत नाही, आणि मॅच नसते तेव्हा ते पडून राहतं.
तीच मॅच आरएफवर एका ८ मेगाहर्ट्झच्या जागेत बसते. ६४ क्वॅम (डेटा लहरीवर चढवण्याची पद्धत), सिम्बॉल रेट सेकंदाला ६.८७५ दशलक्ष, म्हणजे कामाचे ३८ एमबीपीएस. त्यात चार एचडी वाहिन्या आरामात मावतात. बघणारे ३५० असोत नाहीतर ३५००, वरच्या लाइनवर एक बिटही वाढत नाही.

साताराकर_आयपी
जंक्शन दादा, हिशेब बरोबर आहे, पण तो प्रत्येक घराला वेगळा प्रवाह धरून केलाय. मल्टिकास्ट केलं तर वाहिनीची एकच प्रत ओएलटीपर्यंत (कंट्रोल रूममधल्या जीपॉनच्या मुख्य यंत्रापर्यंत) येईल आणि ज्या पोर्टवर मागणी आहे तिथेच पुढे जाईल. मग ईडीएफए (प्रकाशाची पॉवर वाढवणारं यंत्र) नको, १५५० चा ट्रान्समीटर नको, आरएफला लागणाऱ्या हिरव्या कनेक्टरची कटकट नको. घरात एकच वायर, एकच बॉक्स, आणि चालू कार्यक्रम मागे नेण्याची सोय. नवीन नेटवर्क टाकतोच आहोत तर जुनं तंत्र सोबत कशाला ओढायचं?

मिरज_जंक्शन
मल्टिकास्टने अपलिंक वाचतं, हे मान्य. पण गावात ते कुठे अडतं ते सांगतो.
एक, आयजीएमपी स्नूपिंग (कोणी कोणती वाहिनी मागितली ते ओळखून तिथेच पाठवणं) ओएलटी, ओएनटी (घरातलं फायबरचं यंत्र) आणि घरातला स्विच या तिन्ही ठिकाणी नीट चालायला हवं. त्यातला एक जरी साधा स्विच असला तरी वाहिनी सगळ्या पोर्टांवर सांडते आणि त्या घराचं नेट रखडतं. दोन, वाय-फाय. मल्टिकास्टची पाकिटं वाय-फायवर सगळ्यात कमी वेगाने जातात आणि हरवलेलं पाकीट परत पाठवलं जात नाही, त्यामुळे चित्रात चौकटी पडतात. मग प्रत्येक टीव्हीपर्यंत लॅन केबल ओढणं आलं. तीन, आजचे ५८० बॉक्स डीव्हीबी-सीचे (डिजिटल केबलच्या मानकाचे) आहेत. आयपीवर गेलात की एका दिवसात ते सगळे निकामी, आणि दुसऱ्या-तिसऱ्या टीव्हीलाही नवा बॉक्स.
सगळी नवी वसाहत असेल, घराघरात लॅन ओढलेली असेल तर मीही आयपीच सांगेन. इथे आरएफ आणि जीपॉन एका काचेत चालवा.

मिरज_जंक्शन
आता पॉवरचं गणित. ६४ घरांना एक पोर्ट धरला तर ५८० घरांना किमान १० पोर्ट, म्हणून १६ पोर्टचा ओएलटी घ्या. स्प्लिट (एका फायबरचा प्रकाश अनेकांत वाटणं) दोन टप्प्यांत : गावात शिरताना १:८, गल्लीच्या तोंडाला १:८. एकेका १:८ चा लॉस (प्रकाशाची घट) सुमारे १०.५ डीबी, दोन्ही मिळून २१. फायबर ४ किलोमीटरला १ डीबी. जोड आणि कनेक्टर यांना १.५ डीबी.
आरएफ : आत डब्ल्यूडीएम (दोन तरंगलांबी एका फायबरमध्ये मिसळणारा भाग) असलेल्या ईडीएफएच्या प्रत्येक पोर्टवर +१८ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली पॉवर). १८ − २१ − १ − १.५ = −५.५ डीबीएम घरात.
डेटा : ओएलटीचा लेझर साधारण +३. डब्ल्यूडीएममध्ये ०.८ जातात. ३ − ०.८ − २१ − १ − १.५ = −२१.३ डीबीएम घरात.
बी+ वर्गाचा ओएनटी −२७ पर्यंत डेटा घेतो, म्हणजे हाताशी पावणेसहा डीबी आहेत. आरएफला एवढी सवलत नाही. −८ च्या खाली गेलात की एमईआर (सिग्नलची शुद्धता) घसरायला लागतो आणि आधी एचडी वाहिन्या फुटतात. म्हणून स्प्लिट ठरवताना आरएफचा आकडा बघून ठरवा. डेटाचा बघून १:१२८ करायला गेलात तर नेट चालेल, टीव्ही मरेल.
+१८ डीबीएम म्हणजे ६३ मिलिवॅट, आणि हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही. ईडीएफए चालू असताना पॅचकॉर्डच्या तोंडात बघायचं नाही, स्कोप लावूनही नाही. लाइनवरच्या प्रत्येक पोराला हे पहिल्या दिवशी सांगा. शिवाय इतकी पॉवर एकदम काचेत घातली की ब्रिलुआं विखुरणाने चित्र खराब होतं. त्यामुळे १५५० चा ट्रान्समीटर घेताना हे विखुरण (एसबीएस) दाबण्याची सोय किती डीबीएमपर्यंत आहे ते कागदावर बघूनच घ्या.

हिरवा_कनेक्टर
जंक्शन दादांनी ज्याला जोड आणि कनेक्टरचे दीड डीबी म्हटलं, तिथेच निम्म्या तक्रारी जन्म घेतात. आरएफ असलेल्या नेटवर्कात निळा कनेक्टर कुठेच लावायचा नाही. निळा म्हणजे यूपीसी, त्याचं टोक सरळ असतं. हिरवा म्हणजे एपीसी, त्याचं टोक ८ अंश तिरकं. हिरव्यात निळा घातला की मधे फट राहते, काही डीबी लॉस जातो आणि प्रकाश उलटा परततो. डेटाला ते चालून जातं, आरएफला नाही. 'नेट चालू आहे पण टीव्हीवर चौकटी येतात' अशी तक्रार आली की घरातल्या भिंतीवरच्या बॉक्समधला पिगटेल (कनेक्टर लावलेला फायबरचा छोटा तुकडा) आधी बघा.
दुसरं, मीटर. साधा पॉवर मीटर १४९० (डेटा) आणि १५५० (आरएफ) नॅनोमीटर दोन्हींची बेरीज दाखवतो. −५.५ आणि −२१.३ ची बेरीज जवळपास −५.४ येते. म्हणजे डेटा पूर्ण मेलेला असला तरी मीटर छान आकडा दाखवणार. तरंगलांबी वेगळी करून दाखवणारा पॉन मीटरच घ्या. दोन टीम असतील तर दोन घ्या, यात काटकसर करू नका.
तिसरं, वाक. १५५० ला वाक सोसत नाही. ड्रॉप केबल (गल्लीतून घरात येणारी) जी.६५७ए२ प्रकारची घ्या, ती साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंत सहन करते. जुन्या जी.६५२डी ला ३० मिलिमीटर लागतात. खिडकीच्या चौकटीत चेपलेली ड्रॉप आधी टीव्ही घालवते, नेट बरंच नंतर.

पलूस_लाइनमन
हे उपयोगी आहे. एक शंका. शेजारच्या नेटवर्कवर सगळी पॉवर बरोबर आहे, तरी खालच्या फ्रिक्वेन्सीच्या वाहिन्याच फुटतात. वरच्या एकदम स्वच्छ.

मिरज_जंक्शन
रामन परिणाम. १४९० चा डेटा आपली थोडी ऊर्जा १५५० ला देतो, आणि डेटाच्या चढउताराची छाप आरएफवर उमटते. हा त्रास खालच्या फ्रिक्वेन्सीला सर्वांत जास्त होतो. साधारण १०० मेगाहर्ट्झच्या खाली काही ठेवू नका. ठेवावंच लागलं तर त्या वाहिन्यांची पातळी कंट्रोल रूममध्येच दोन-तीन डीबी चढी द्या. पॉवर वाढवून हे जात नाही.
आणि ओएनटीच्या आरएफ पोर्टवर काहीच येत नसेल तर खांबावर चढायच्या आधी ओएलटीचं प्रोफाइल (त्या घराची सेटिंग) बघा. बऱ्याच ओएनटीत आरएफ पोर्ट वरून बंद-चालू करता येतो, आणि नव्या जोडणीत तो बंदच राहून गेलेला असतो.
टीव्हीजवळ ५५ ते ६५ डीबीमायक्रोव्होल्ट ठेवा. ओएनटी ७५ च्या आसपास देत असेल तर तीन टीव्हींच्या स्प्लिटरनंतर बरोबर बसतं. एकच टीव्ही असेल तर १० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर लावा, नाहीतर ट्यूनर गुदमरतो.

वाई_घाट
बॉक्सबद्दल कोणीच बोललं नाही, आणि ग्राहकाच्या हातात शेवटी बॉक्सच येतो. बाजारात हायब्रिड (केबल आणि इंटरनेट दोन्हींवर चालणारे) म्हणून बरेच बॉक्स मिळतात, पण सगळे कामाचे नसतात.
बॉक्समध्ये डीव्हीबी-सी ट्यूनर आणि तुमच्या एमएसओच्या सीएएसची (पैसे भरलेल्यांनाच वाहिनी उघडणाऱ्या कुलूप-व्यवस्थेची) मान्यता, दोन्ही हवं. सीएएस जुळत नसेल तर बाहेरून आणलेला कितीही भारी बॉक्स पे-चॅनेल उघडणार नाही, त्यामुळे खरेदी एमएसओमार्फतच. अँड्रॉइड टीव्ही गूगलने प्रमाणित केलेला हवा. वाइडव्हाइन (ओटीटीची कॉपी-संरक्षण व्यवस्था) एल१ आहे का ते अ‍ॅपने तपासा. एल३ असेल तर बहुतेक ओटीटी ४८० पीच्या वर जात नाहीत आणि शिव्या केबलवाल्याला बसतात. रॅम २ जीबी तरी हवी. लॅन पोर्ट हवाच. टीव्हीच्या मागे, लाकडी कपाटात, २.४ गिगाहर्ट्झवर बसलेल्या बॉक्सकडून एचडी मागू नका. ओएनटी आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर दोन मीटरची कॅट-६ टाका आणि मोकळे व्हा.
ज्यांच्याकडे आधीच स्मार्ट टीव्ही आहे त्यांना बॉक्स बदलायला लावू नका. जुना बॉक्स एचडीएमआयवर राहू द्या, स्थानिक कार्यक्रमांचं अ‍ॅप टीव्हीवर टाका. रिमोट दोन होतात, पण घरटी खर्च वाचतो.

कोयनाकाठ
विषय थोडा बाजूचा. जावळी, पाटणच्या डोंगरातल्या वाड्यांवर केबल पोचणार नाही. तिथे हेच कसं करायचं?

वाई_घाट
ताई, तिथे प्रक्षेपणाचं काम डीडी फ्री डिश करेल, मागणीवरचं काम मोबाइलचं नेट. ६० ते ६५ सेंटिमीटरची डिश, जीसॅट-१५ उपग्रह, ९३.५ अंश पूर्व. सातारा भागातून दिशा उत्तरेपासून साधारण १३० अंश, म्हणजे आग्नेयेकडे. क्षितिजापासून उंची सुमारे ६० अंश. डिश ऑफसेट (सिग्नल तिरका झेलणारी) असते म्हणून डोळ्याला ती ३५-३८ अंशांवर उभी दिसते. ६० अंशांवर तोंड करून ठेवाल तर सिग्नल सापडणार नाही. तपासायला ११०९० मेगाहर्ट्झ व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाका. सांगलीत हेच आकडे, उंची फक्त एखाद अंश जास्त.
नवीन टीव्ही घेणार असाल तर आत उपग्रह ट्यूनर आहे का विचारा. त्यासाठी आयएस १८११२:२०२२ हे भारतीय मानक आहे. मग फ्री डिशला वेगळा बॉक्स लागत नाही, आणि त्याच टीव्हीवर फोनच्या हॉटस्पॉटने ओटीटी. पाऊस जोराचा असताना केयू बँड (डिशचा सिग्नल) थोडा वेळ जातो. एलएनबीच्या (डिशसमोरच्या डब्याच्या) कनेक्टरला रबरी टोपी आणि टेप नसेल तर मात्र तो पाऊस थांबल्यावरही येत नाही, कारण पाणी कोअ‍ॅक्समध्ये उतरलेलं असतं.

फडकरी
तिसरा प्रश्न, स्थानिक कार्यक्रम. माझ्या मते तुमच्या नेटवर्कचं खरं धन हेच आहे. बाकीचं कुणीही देईल.
कॅमेरे आणि मिक्सर बहुधा १०८०आय (प्रत्येक चित्र फील्ड नावाच्या दोन अर्ध्या भागांत) देत असतील. टीव्हीवर ते चालतं. तसंच ऑनलाइन टाकलं तर हालचालीच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात, आणि कुस्तीत सगळी हालचालच. ढाक लागायच्या क्षणी नेमकं काही कळत नाही. म्हणून आधी डी-इंटरलेस करा (अर्ध्या भागांची पूर्ण चित्रं करा), आणि दोन फील्डची एक फ्रेम करू नका, प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम करा. म्हणजे ५० फ्रेम मिळतात. कुस्तीला १०८० च्या २५ फ्रेमपेक्षा ७२० च्या ५० फ्रेम कितीतरी चांगल्या.
दर्जाच्या पायऱ्या तीन पुरतात : ७२० पी ५० फ्रेम, ३.५ एमबीपीएस, ५४० पी २५ फ्रेम, १.६, ३६० पी २५ फ्रेम, ०.७. प्रत्येकाला १२८ केबीपीएस आवाज. एचएलएसचे (व्हिडिओ तुकड्यांत पाठवण्याच्या पद्धतीचे) तुकडे ६ सेकंदांचे, की-फ्रेम (पूर्ण साठवलेलं चित्र) बरोबर दर २ सेकंदांनी, म्हणजे ५० फ्रेमला १०० आणि २५ फ्रेमला ५०. दृश्य बदलल्यावर आपोआप की-फ्रेम टाकणं बंद ठेवा. तिन्ही पायऱ्यांच्या की-फ्रेम एका रेषेत नसतील तर दर बदलताना चित्र अडखळतं.
बेरीज ६.२ एमबीपीएस. तीन तासांचं मैदान सुमारे ८.४ जीबी. अशी २०० मैदानं १.७ टीबीत बसतात. ४ टीबीच्या दोन डिस्क एकमेकींची प्रत ठेवून लावा.
सर्व्हर तुमच्याच कंट्रोल रूममध्ये, नेटवर्कच्या आत. एकदम १०० घरांनी वरची पायरी बघितली तरी आवाजासकट सुमारे ३६० एमबीपीएस, साधा गिगाबिट पोर्ट पुरे, आणि विकतच्या अपलिंकला हात लागत नाही. पुण्या-मुंबईला किंवा सैन्यात असलेल्या गावकऱ्यांना मात्र इथून देऊ नका, अपलोड भरून जाईल. त्यांच्यासाठी तीच फाइल यूट्यूबवर चढवा.

फडकरी
वरच्यात एक राहिलं. सलग तीन तासांची फाइल टाकून भागत नाही. मैदान चालू असतानाच एक जण वही घेऊन बसवा : घड्याळाची वेळ, जोड, वस्ताद, निकाल. नंतर त्या वेळांवर खुणा टाका. लोकांना पहिल्या क्रमांकाची कुस्ती बघायची असते, किंवा आपल्या तालमीच्या पोराची. तीन तासांतून ती शोधायला लागली तर कुणी परत येणार नाही. यात्रेतही पालखी, छबिना, आतषबाजी अशा खुणा टाका.
आवाजाची पातळी सगळीकडे −२३ एलयूएफएस (आवाजाच्या जोराचं एकक) ठेवा. टीव्हीवरून अ‍ॅपवर गेलं की हलगी एकदम कानठळ्या बसवते, ते यामुळे टळतं.

साताराकर_आयपी
प्रक्षेपण आणि इंटरनेट यांच्या जोडणीबद्दल एक भर. युरोपात प्रक्षेपण आणि इंटरनेट जोडायला एचबीबीटीव्ही हे मानक आहे. ते २०१० साली आलं. वाहिनीच्या प्रवाहातच एक तक्ता जातो, त्यात अ‍ॅपचा पत्ता असतो. प्रेक्षकाने लाल बटण दाबलं की तो इंटरनेटवरच्या कार्यक्रमात जातो. आपल्याकडच्या केबल बॉक्सवर यासाठी बॉक्स आणि एमएसओचा मल्टिप्लेक्सर (वाहिन्या एकत्र करणारं यंत्र) दोन्हीकडे सोय लागेल, तेव्हा त्याच्या मागे लागू नका. त्याऐवजी मैदान संपताना स्थानिक वाहिनीवर क्यूआर कोड दाखवा. पडद्याच्या उंचीचा चौथा हिस्सा, २० सेकंद, आणि कडेपासून ५ टक्के आत. जुने टीव्ही कडा कापतात, कोपऱ्यातला कोड अर्धा जातो.
दुसरं, कार्यक्रम-पत्रिका. ईआयटीतली (सिग्नलमधल्या कार्यक्रम-तक्त्यातली) वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते. टाकणाऱ्याने भारतीय वेळ टाकली तर बॉक्स त्यात आणखी साडेपाच तास मिळवतो, आणि संध्याकाळी ६ चं मैदान रात्री ११:३० ला दिसतं.
तिसरं, उशीर. अ‍ॅपवरचं थेट प्रक्षेपण ६ सेकंदांच्या तुकड्यांत केबलच्या २५-३० सेकंद मागे राहतं. प्लेअर तीन तुकडे साठवूनच सुरू होतो. शेजारी आधी ओरडतो. गावातल्यांना थेट बघायचं ते केबलवरच बघू द्या, अ‍ॅपवर थेट हवंच तर तुकडे २ सेकंदांचे करा.

कागदपत्र_सांगली
तांत्रिक बाजू छान झाली, आता परवाने. स्थानिक केबल ऑपरेटरची नोंदणी १९९५ च्या केबल कायद्याखाली लागते. जानेवारी २०२५ च्या दुरुस्तीपासून ती पोस्टात नाही, ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर होते. मुदत ५ वर्षं, शुल्क ५००० रुपये. इंटरनेट स्वतःच्या जोरावर विकता येत नाही, परवाना असलेल्या आयएसपीचे (इंटरनेट कंपनीचे) भागीदार व्हा. करार करताना वर व्हिडिओची कॅशे (जवळच साठवलेली प्रत) आहे का ते विचारून घ्या, ओटीटीचा बराच भार तिथेच उचलला जातो.
सर्वांत महत्त्वाचं : उपग्रह वाहिन्यांचे कार्यक्रम रेकॉर्ड करून तुमच्या सर्व्हरवरून दाखवायचे नाहीत. एमएसओचा करार केबलवर दाखवण्याचा असतो, साठवून देण्याचा नाही. फक्त स्वतःचं चित्रीकरण ठेवा. आणि त्यातही मिरवणुकीतली डीजेची गाणी असतात. त्यांचे हक्क वेगळे, तो आवाज काढून टाका किंवा परवानगी घ्या.

कोयनाकाठ
पुराचं काय? नदीकाठची गावं आहेत ही.

मिरज_जंक्शन
बरं झालं विचारलंत. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. कंट्रोल रूम पहिल्या मजल्यावर न्या. ओएलटी, ईडीएफए आणि स्थानिक वाहिनीचा मॉड्युलेटर एकाच इन्व्हर्टरवर ठेवा, व्हिडिओ सर्व्हर वेगळ्यावर. बॅटरी उतरायला लागली की आधी सर्व्हर बंद करायचा. पुरात लोकांना आयर्विनची पातळी आणि कोयनेचा विसर्ग पाहिजे असतो. तो आरएफवर एका पट्टीत जातो, अपलिंक तुटलं तरी जातो.
घरात ओएनटी साधारण ८ वॅट घेतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीतून सहा-सात तास निघतात. गल्लीतले स्प्लिटर बॉक्स रस्त्याच्या पातळीला ठेवू नका. स्प्लिटरला वीज लागत नाही, पण गाळ भरलेला कनेक्टर परत चालत नाही.

पलूस_लाइनमन
सर्वांचे आभार. कामाचा क्रम असा धरतोय : आधी कंट्रोल रूम वर, मग एका गावात एक पोर्ट, ६४ घरं, कोअ‍ॅक्स न काढता. चालेल?

हिरवा_कनेक्टर
चालेल. कोअ‍ॅक्स दोन महिने तसाच ठेवा. प्रत्येक घरात जोडणीच्या दिवशी १४९० आणि १५५० चे दोन्ही आकडे ओएनटीच्या खाली चिकटपट्टीवर लिहा, तारखेसह. पुढे तक्रार आली की आधी तो आकडा आणि आजचा आकडा. दोन्ही सारखेच घसरले असतील तर गल्लीतला कनेक्टर किंवा स्प्लिटर, फक्त १५५० घसरला असेल तर बहुधा कुठेतरी ड्रॉप वाकलीये.